हिरवं कव्हर, निळं कव्हर

नालवाडी, वर्धा
बुधवार

प्रिय भागी,

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून महिना झाला नाही, तेव्हा एका बैठकीत वाचू नको, थांबत थांबत वाच. निकेशला वाचून दाखवायला सांगू नको. फोन करता आला असता, पण फोनवर माझा आवाज आपोआप ऑपरेटरचा होतो. टेलिफोनच्या नोकरीत अडतीस वर्षं गेली. पलीकडे कोणी हसो की रडो, आपण एकाच सुरात बोलायचं, ती सवय सुटत नाही.

इकडे ठीक आहे. समोरच्या खोलीत आता बसायला जागा नाही, सगळ्या रेकॉर्डच. मागं आलीस तेव्हा तू म्हणाली होतीस, "एवढ्या तबकड्या आयकते तरी कोन?" खरं सांगायचं तर मी फारशा ऐकत नाही. मी कव्हरं पाहते. एकच रेकॉर्ड कंपनी दोनदा, तीनदा काढते आणि दर वेळी कव्हरात काहीतरी बदलतं. कधी कागद पातळ होतो, कधी मागची घडी उजवीकडून डावीकडे जाते, कधी खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं ते नाहीसं होतं. आतली तबकडी तीच. लेबलाजवळच्या चकचकीत कड्यात एक नंबर कोरलेला असतो, तो जुळला की समजायचं, आवाज एकच आहे, फक्त कपडे बदललेत. जुने साऊंड सर्व्हिसवाले, भंगारवाले, सगळे मला ओळखतात. फोटो पाठवला की आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं हे मी बसल्या जागी सांगते.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका तरुण संग्राहकानं आमच्या रेकॉर्डवाल्यांच्या ग्रुपवर दोन फोटो टाकले. आपली रेकॉर्ड. एक हिरव्या काठाचं कव्हर, एक निळ्या काठाचं. हिरव्यावर मधे रामाजीदादा पेटी घेऊन बसलेला आणि त्याच्या डाव्या हाताला आपण दोघी, तुझी वेणी पुढे घेतलेली. खाली एका ओळीत नावं: प्रमिला वानखडे, भागीरथा मून. निळ्यावर दादा एकटाच, आणि खाली 'रामाजी आणि साथी'. त्यानं विचारलं, मॅडम, यातलं पहिलं कोणतं, आणि गायिका कुठे गेल्या? सगळ्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली. मी लिहिलं, सांगता येत नाही.

सांगता येत होतं. हिरवं पहिलं, एक्क्याऐंशीच्या मार्चमधलं, चौदा एप्रिलच्या आधी गावोगाव पोचावं म्हणून घाईनं छापलेलं. निळं त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरचं. मधे आणखी एक प्रकार आहे, तो त्या मुलाकडे नाही. हिरवंच कव्हर, पण नावांच्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली. ती वाफेवर धरली की सुटते आणि खाली आपली नावं जशीच्या तशी निघतात. माझ्याकडे असली तीन आहेत. साधी हिरवी चौदा आहेत. एकाच रेकॉर्डच्या चौदा प्रती कोणी छंद म्हणून जमवत नाही, भागी.

त्या वर्षी मे महिन्यात मी हिंगणघाटच्या एक्स्चेंजमध्ये लागले हे तुला ठाऊक आहे. खोली मिळत नव्हती हेही ठाऊक आहे. मग विमलाबाईंच्या घरी मिळाली. कशी मिळाली ते मी तुला सांगितलं नव्हतं. त्यांनी दारातच विचारलं, "वानखडे म्हणजे आपल्यातलेच ना?" मी म्हटलं, "वडनेरचे." त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. मी खोटं बोलले नाही, आणि खरंही बोलले नाही. बाई प्रेमळ होती. पहिल्या महिन्यात मला ताप आला तर तिनं तीन दिवस उशाशी बसून पेज पाजली. तिच्या देवघराच्या ओट्यावर बसून मी तिला भाजी निवडून देत असे आणि रोज मनात म्हणत असे, उद्या सांगू.

जुलैमध्ये तिला भजनाची रेकॉर्ड घ्यायची होती, म्हणून आम्ही बाजारात गेलो. दुकानाच्या दर्शनी भागात, चिमट्याला, आपलं हिरवं कव्हर लटकवलेलं. वर ठळक अक्षरात 'भीमगीते', खाली माझा चेहरा, माझं नाव. मी तिला म्हटलं, मला चक्कर येते, घरी चला. ती माझा दंड धरून घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन ती रेकॉर्ड विकत घेतली. मग आणखी दोन दुकानांतून घेतल्या. माझा संग्रह तिथून सुरू झाला. आणि त्याच आठवड्यात मी नागपूरला कंपनीला पत्र लिहिलं, की पुढच्या छपाईत माझं नाव आणि फोटो काढून टाकावा, नोकरीत अडचण होते.

मी फक्त माझं लिहिलं होतं. पण आपली नावं एका ओळीत होती आणि फोटोत आपण एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. त्यांना सगळंच कापणं सोपं गेलं असावं. तू निळं कव्हर घेऊन माझ्याकडे आलीस तो दिवस मला आठवतो. तू म्हणालीस, "पाह्य, रामाजीनं आपली नावं खाऊन टाकली. मी आता त्याच्यासंग गात नाई." मी म्हटलं, "जाऊ दे भागी." एवढंच म्हटलं. तू खरंच पुन्हा गायली नाहीस. आवाज तुझा होता, मी नुसती मागून साथ धरत होते. वर्षभरात आपली गाण्याची पार्टी मोडली. विमलाबाईंच्या घरी मी आणखी चार वर्षं राहिले आणि त्यांना शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

नोव्हेंबरात मी वडनेरला गेले होते. किती प्रती छापल्या होत्या ते विचारायचं आहे, असं स्वतःला सांगून गेले. दादा खाटेवर पडून होता, पण डोकं साफ. मी दोन्ही कव्हरं त्याच्या पुढ्यात ठेवली आणि कबूल केलं. तो म्हणाला, "मले मालूम होतं. कंपनीनं तुयं पत्र मलेच वाचून दाखवलं. मीच म्हनलं, काढा. तुयी नोकरी नवी होती." मी विचारलं, मग भागीले काऊन नाई सांगितलं? तो म्हणाला, "मायावर रागावली तं मी सोसून घेतो. तुयावर रागावली असती तं तुमचं दोघींचं तुटलं असतं. तुले तिथं दुसरं होतंच कोन?" मग म्हणाला, "आता मोठ्या झाल्या तुमी. आता तूच सांगजो." मी हो म्हटलं आणि घरी येऊन कपाट आवरायला घेतलं. दोन महिने मी काही लिहिलं नाही. कारण विचारशील तर कारण नाही. तू माझ्याशी बोलतेस, दर रविवारी तुझा फोन येतो, ते तसंच चालू राहावं असं वाटलं.

काल, मंगळवारी सकाळी, रामाजीदादा गेला. मी पोचले तेव्हा तू नव्हतीस. निकेश आला होता, त्यानं खाली मान घालून सांगितलं, आई म्हणते तो माणूस माझ्यासाठी कधीच मेला. लोकांनी ते ऐकलं. दादाच्या सुनेनंही ऐकलं. मी चार हातांवर उभी होते आणि तेव्हाही गप्प राहिले, म्हणून आज लिहायला बसले. रविवारी अकरा वाजता वडनेरच्या विहारात त्याचं पुण्यानुमोदन आहे. आठवणी सांगायला मलाही बोलावलं आहे. मी हे सगळं तिथे उभी राहून सांगणार आहे, पण ते तुला लोकांकडून कळू नये. मयताला तू आली नाहीस यात तुझी चूक नाही, ती माझी आहे. रविवारी आलीस तर माझ्याजवळ बसू नको, माझ्याशी बोलूही नको, मी समजून घेईन. पण त्याच्यासाठी ये.

तुझीच,
इतकी वर्षं गप्प राहिलेली
प्रमिला