ध्रुवयान, इंदूताई आणि माझे किराणा दुकान यांची व्यवस्था

मी, अमृतराव गणपतराव मुसळे, वय त्र्याहत्तर, धंदा किराणा दुकान, राहणार भीमपूर, जिल्हा आदिलाबाद, हा कागद राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. अक्कल ठिकाणावर आहे. हे वाक्य वाचून माझी पत्नी रुख्मिणी म्हणाली, "कवापासून?" तिची हरकत नोंदवली आहे.

१. राहते घर आणि बँकेत जे असेल ते रुख्मिणीचे. तिला घरातून कोणी हलवू नये. मला स्वतःला तिला टीव्हीसमोरच्या खुर्चीवरूनही कधी हलवता आले नाही.

२. दुकान, काटा व मालासह, मुलगा देवानंद याचे. काट्याशेजारचे लाकडी यान तिथेच राहावे. ते मी निर्मल गावच्या, लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराकडून करवून घेतले. त्याने टीव्हीवरची 'ध्रुवयान' ही अंतराळयानाची मालिका पाहिली नव्हती. मी हातवारे करून समजावले. गिऱ्हाईक त्याला वांगे समजतात. दोष हातवाऱ्यांचा आहे.

३. आता वह्या. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी दर रविवारी 'ध्रुवयान' लागायचे. गावात टीव्ही थोडे, त्यातला एक माझ्या दुकानात. अर्ध्यातच करंट जायचा आणि लोक घरी जायचे. सोमवारी सगळे विचारायचे, "मंग कप्तानाचं काय झालं?" मी सांगायचो की उरलेला भाग मागच्या खोलीत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पाहिला. ती बॅटरी मेलेली होती. हे आज पहिल्यांदा कबूल करतो. पुढची गोष्ट मीच रचायचो आणि वहीत उतरवून ठेवायचो, म्हणजे पुढच्या आठवड्यात पकडला जाऊ नये. अशा अकरा वह्या झाल्या. काय पाहिले आणि काय रचले, हे पुढे माझे मलाच कळेनासे झाले.

गेल्या वर्षी त्याच यानाची नवी मालिका फोनवर आली. नात रुपाने लावून दिली. शेजारी माझा बालमित्र उद्धवराव होता. यान चकचकीत, कप्तान रडका, आणि कप्तानाची थोरली बहीण इंदूताई, जी यानात भाकरी थापते आणि कप्तानाला रागावते, ती कुठेच नाही. मी म्हणालो, "वाटोळं केलं यायनं."

उद्धवराव म्हणाला, "मले तं आवडून राह्यली. अन् इंदूताई मालिकेत नव्हतीच बे. ते तं तूच घातली होती."

"तू तं तवा झोपा काढे. तुले काय मालूम?"

तो उठून गेला. चार महिने झाले, दुकानाची पायरी चढलेला नाही. साखर दुसरीकडून नेतो.

मी खरा ठरावा म्हणून रुपाने जुने सव्वीस भाग शोधून काढले. आम्ही सगळे पाहिले. शेवटचा संपल्यावर ती हळूच म्हणाली, "आबा, इंदूताई नाई दिसली."

नव्हतीच. इंदू ही माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिने मला वाढवले, आणि मालिका लागायच्या आधीच ती गेली. कप्तानाला रागवायला कोणी नाही, हे मला बघवले नसावे. म्हणजे नव्या मालिकावाल्यांना चार पत्रे लिहून मी माझीच बहीण परत मागितली. त्यांनी उत्तर दिले नाही ते बरे झाले.

वह्या रुपाला. बाकी काहीही सुधारावे, इंदूताईला हात लावू नये.

४. नवी मालिका आवडलेल्यांना माझ्या तेरवीचे जेवण वाढू नये, असे कलम पहिल्या खर्ड्यात होते. ते रद्द. पंगतीत तसे एकच माणूस निघाले असते, आणि तेच नसेल तर बाकीच्यांना जेवू घालून काय उपयोग.

५. उद्धवरावास मी काहीही देत नाही. हे रागाने नाही. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, आणि साक्षीला मला तोच पाहिजे. त्याने दुकानात येऊन, माझ्यासमोर बसून सही करावी. रुपाच्या हाती पाठवलेली सही चालणार नाही. तो खरे बोलला होता, हे मी इथे लिहून देतो, कारण तोंडाने म्हणायला मला जमत नाही.

भीमपूर, ९ फेब्रुवारी २०२५
अमृतराव गणपतराव मुसळे (सही)

साक्षीदार पहिली: चंपाबाई, शेजारीण. वाचून दाखवले, ऐकून अंगठा केला.

साक्षीदार दुसरा: उद्धवराव. दुकानात, समोर बसून सही केली. मी झोपा काढत नव्हतो. नवी मालिका चांगलीच आहे. पण तिच्या आठही भागांत मी इंदूताईचीच वाट पाहिली.