जाणारीचा ढावलो

नांदेड,
५ जानेवारी २०२५

ती. मिनाआत्यास पूजाचा सा. न. वि. वि.

आजीला फोनवर ऐकू येत नाही आणि माझा कागद आला की ती तो पदराला बांधून तांडाभर मिरवते, म्हणून पुन्हा कागदच. माझ्यासाठी तिच्याशी एकदा बोल. नवरी माहेर सोडताना एकेकीच्या गळ्यात पडून रडत म्हणते तो ढावलो आता आपल्या तांड्यात तिलाच पुरा येतो. हल्ली लग्नं वारंगा फाट्याच्या कार्यालयात आणि गाणं डीजेचं. शाळेत हसतील म्हणून बापू आमच्याशी मराठीच बोलले, त्यामुळे माझी गोरमाटी बोली तोडकीमोडकी. ती हो म्हणाली की एखाद्या रविवारी येऊन मोबाइलवर भरून घेते. आजीबरोबर ते गेलं तर मला फार लागेल.

आजीच्या पायांवर डोकं ठेवते. तुझी माया आहे तशीच राहू दे.

पूजा

तांडा,
१६ जानेवारी

चि. पूजास अ. उ. आ.

आजीनं साफ नकार दिला. घरातून कुणी जात नसताना ढावलो म्हटला की घरातलंच माणूस जातं, म्हणाली. मी हट्टाला पेटले तर, माझ्या थावराला काही झालं तर तुमी भरून देणार व्हय, असं विचारून दिवसभर जेवली नाही. तुझ्या बापाचं नाव निघाल्यावर मी विषय सोडला. संध्याकाळी मात्र हसून म्हणाली, पोरीला म्हणावं आधी नवरा बघ, बराबर शिकवते.

मला विचारशील तर माझ्या लग्नात बँड होता. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? शेळी व्यायली, करडं गोड आहेत. जिवाला जपून राहा.

तुझी आत्या

तांडा,
२ मार्च

चि. पूजास आशीर्वाद.

फोनवर माझ्यानं बोलवणार नाही. तांड्यातला देविदास जीप घेऊन नांदेडला निघालाय, त्याच्या हाती हे देते. त्याच जीपमध्ये बसून बापूंना घेऊन ये.

आजीनं अन्न सोडलंय. काल सकाळी उठून न्हायली, बायांना बोलावलं आणि एकेकीच्या गळ्यात पडून ढावलोचं तिचं तिचं कडवं म्हणाली. माझ्या, शेजारणींच्या, मग एकटीच गोठ्यात जाऊन गाईच्याही. मी घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवला होता, तो बाजूला करून म्हणाली, आता काहून भ्यायचं, जाणारी मीच हाय.

तुझं कडवं राखून ठेवलंय. उशीर करू नकोस, लेकरा.

आत्या

नांदेड,
२५ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आजीचे दिवस आटोपून आले, पण मन तिथंच आहे. आजीचं गाणं भरून घेतलं का, असं तू विचारलंस. नाही. मोबाइल पिशवीत होता आणि माझे दोन्ही हात तिच्या पाठीवर. मी मागोमाग म्हणत होते. तिला ऐकू येत नव्हतं, पण माझी हनुवटी तिच्या खांद्यावर होती. अडखळले की तिला कळायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

माझं कडवं पाठ आहे. मोठ्यानं म्हणून बघावंसं फार वाटतं, पण घरातून कुणी जात नाहीये आणि बापू परवापासून खोकतात. हसू नकोस.

शेजारच्या निताचं लग्न ठरतंय म्हणालीस. तारीख धरली की कळव, आधीच येते. सगळ्या मिळून तिला शिकवू. तोवर कुणी आपलं कडवं विसरू नका. आणि गाईच्या गळ्यात पडून आजी काय म्हणाली, ते कुणी ऐकलं होतं का, तेवढं विचारून ठेव.

तुझ्या मायेची,
पूजा