मनोरीच्या चालीतला मध्यम

मी, श्यामसुंदर दत्ताराम नारकर, वय त्रेपन्न, गिरणीतला माजी साचे-फिटर, राहणार विक्रोळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. दुखणे छातीचे आहे, डोक्याचे नाही.

१. विक्रोळीची खोली, भांडी व पोस्टातली शिल्लक माझी मुलगी अनुपमा हिला. भाऊ चंद्रप्रकाश यास काही नाही. आमच्या घरच्या चालीला तो चारचौघांत ‘पिक्चरचं गाणं’ म्हणाला. ते पिक्चरचं नाही, म्हणून इथे नोंदवतो.

२. ही चाल स्कॉटलंडची. गिरणीतल्या तिकडच्या विणाई मास्तरकडून माझ्या वडिलांनी व्हायोलिनवर उचलली. वडिलांचे ऐकून मी, गुरूविना. स्वतःची बायको वारल्यावर तिकडच्या कोणा वादकाने ती बांधली, असे तो मास्तर साहेब सांगे. ती संथ आहे. मध्यम आणि निषाद नाहीत, भूपासारखी. ओळ ‘प ग रे सा’ अशी उतरते.

माझी पत्नी मथुरा मनोरीची कोळीण. तिच्या आजोबांनी हीच चाल पलटणीच्या बँडवर ऐकून गावी आणली. तिथे ती हळदीला वाजते. जलद, आणि उतरताना ‘प म ग रे सा’. मी म्हणे, मध्यम चुकीचा. मथुरा म्हणे, “तुमचा सायेब रडतंय, आमचा नाचतंय. रडक्याचा खरा कशावरून?” मूळ कोणते, याचा पुरावा माझ्याकडे नाही. तरी वीस वर्षे भांडलो.

गेल्या वर्षी इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, ती पडल्या पडल्या चाल गुणगुणत होती. संथ. मी विचारले, “अगं, मध्यम कुठे गेला?”

“सोडला. तुमच्यासाठी.”

त्याच आठवड्यात ती गेली.

३. व्हायोलिन मथुराचा धाकटा भाऊ धर्मा, मनोरी बँडचा क्लॅरनेटवाला, यास. मी पाखडल्यासारखा वाजवतो म्हणून तो त्याला ‘भावोजींचं सूप’ म्हणतो, तरी त्यालाच. तारा सा-प-सा-प लावाव्यात; या चालीसाठी साहेबही तशाच लावी. खुंट्या घसरतात, खडू लावावा. उन्हात ठेवू नये.

४. बहीण गेल्यापासून धर्माने ही चाल बंद केली आहे. “दीदी नाय, तर कोणासाठी वाजवू, भावोजी?” असे म्हणतो. बँडमधल्या बाकीच्यांना ती पुरती येत नाही. धर्मा थांबला की मनोरीची चाल संपली.

म्हणून अट अशी: धर्माची मुलगी मंजुळा हिच्या हळदीला त्याने ती वाजवावी. माझ्या सुतकाने हळद पुढे ढकलू नये. माझ्या तिरडीपुढे काही वाजवू नये. संथ चाल मी वाजवली आहे, मथुरा गेल्यापासून रोज.

हळदीला मात्र जलद. आणि धर्मा, मध्यम गाळू नकोस. मथुराने माझ्यासाठी सोडला, तो मी परत करत आहे.

लिहिणार: श्यामसुंदर दत्ताराम नारकर (सही)
आम्हांसमक्ष सही केली: जयवंत गोविंद पाटकर, शेजारी (सही), माणिक रघुनाथ तांडेल, मनोरी (सही)
विक्रोळी, ता. ९ नोव्हेंबर १९८६