डोळे कोरडे नव्हते

चिमणे,

मी हॉस्पिटलात ॲडमिट व्हायला निघालेय. मावशी सोबत आहे. तुला फोन मुद्दामच केला नाही.

सकाळी शाळेची बस चालवताना आरशात मागचा रस्ताच दिसेना, मधोमध काळा डाग. गाडी कडेला घेतली, दुसऱ्या ड्रायव्हरला बोलावून मुलं त्याच्या हवाली केली आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मला बघून ते चक्रावलेच. म्हणाले, "तुम्ही अजून दाखवलं नाहीत? डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय, तुमचा रक्ताचा कॅन्सर उलटला असावा, आजच्या आज तुम्हाला कॅन्सरच्या जुन्या डॉक्टरांकडे न्यायला हवं, असं मी मागच्याच आठवड्यात तुमच्या मुलीला बजावलं होतं."

आणि तेव्हा तू त्यांच्या खोलीतून बाहेर येऊन मला म्हणालीस, "काही नाही गं आई, डोळे कोरडे पडलेत." वर रोज स्वतःच्या हाताने थेंब घालत राहिलीस.

मला चार दिवस सुखाचे मिळावेत म्हणून केलंस, हे कळतं मला. पण ते चार दिवस माझ्या मागे बसभर मुलं होती गं! आणि पहिल्यांदा आजार झाला तेव्हा तू शाळेत होतीस, तरी मी तुझ्यापासून काहीएक लपवलं नव्हतं.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून खा. मग ये. मी तुझ्याशी बोलेन की नाही, माहीत नाही. पण आता डॉक्टर जे सांगतील ते मला सांगतील, आणि तू शेजारी बसून ऐकायचंस.

आई