नाक्यावरचा दिलावर

४ जुलै १९७२, मंगळवार

आप्पासाहेब येऊन गेले. बरोबर दोन माणसे, काखेत फाईल. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाची तालुका समिती झाली आहे, हे अध्यक्ष. अठ्ठेचाळीस साली हे गृहस्थ नगरला कापडाच्या दुकानात गुमास्ते होते. निजामाची हद्द त्यांनी नकाशात तरी पाहिली होती की नाही, शंकाच आहे!

काम असे – ओढ्यावरचा निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आमच्या शिबिरातल्या गहिनीनाथने जाळला, असे मी लिहून द्यायचे. निजामाविरुद्ध सरहद्दीवर चाललेल्या त्या शिबिरातली लिहिणारी-वाचणारी मीच एक उरले. माझी सही झाली की गहिनीनाथला ताम्रपट आणि नाक्याच्या जागी स्मारकाचा दगड.

तारीख कोणती घालू, विचारले.

"ऑगस्टची घाला, बाई. पोलिस ॲक्शनच्या आधीची. नंतरची घातली तर त्यात पराक्रम काय राहिला?"

निदान हे तरी खरे बोलले. विचार करते म्हटले. चहा केला नाही.

७ जुलै

पाऊस नाही. सिमल्याच्या कराराचा मजकूर पेपरात पुरता वाचला. काश्मिरात कालपर्यंत युद्धबंदी रेषा होती, आता तिचे नाव बदलले. अलीकडच्या-पलीकडच्या माणसांना कुणी विचारले असेल असे वाटत नाही.

९ जुलै, रविवार

पाथर्डीहून एस.टी.ने ओढ्यापलीकडे जाऊन आले. नाक्याचे जोते तेवढे उरले आहे, त्यावर बाभळी. गाडी तिथे हळूसुद्धा झाली नाही. कंडक्टर तिकिटे फाडत होता, त्याने मान वर केली नाही.

शाळेला जाता-येता याच जागी माझी पिशवी उपसून बघत. मीठ, काडेपेटी, लुगडे – सगळ्यावर करोडगिरी. अलीकडे इंग्रज, पलीकडे निजाम. तीन मैलांवर मुलगी दिली तरी इकडच्या बायका 'मोगलाईत दिली' म्हणून डोळ्यांना पदर लावत. नाक्यावरचा शिपाई दिलावर. माझ्या पिशवीत शिबिराची पत्रके असत हे त्याला पक्के ठाऊक होते. एकदा वरच्या दोन वह्या उचलून पाहिल्या, खाली हात घातलाच नाही. "शाळेचं दिसतंय. जावा, बाई." पुढे नेहमी तसेच.

हद्द गेली. याचसाठी तर सगळे केले. मग आज बरे का वाटले नाही?

१२ जुलै

दिलावरची बायको हाजराबी दारात उभी. कित्येक वर्षांनी पाहिले. दुष्काळी कामावर खडी फोडते, हाताची बोटे चिंध्यांनी बांधलेली. कमरेची नोटीस काढून पुढे केली.

ओढ्याकाठचे सात एकर. तिच्या बापाने लग्नात दिलेले, पण रिवाजाप्रमाणे नाव जावयाचे लावले. सरकारी कागदात दिलावर 'परागंदा, पाकिस्तानात गेला' म्हणून सरकारजमा झाले. गेली वीस वर्षे ते गहिनीनाथ कसतो. आता त्याच्या नावावर कायम होणार. कुणाची हरकत असेल तर महिनाअखेर कळवावी.

"त्यो गेलाच न्हाई, बाई. नाक्यात जळाला."

इतकी वर्षे का बोलली नाहीस, विचारले.

"इचारलं कुनी?"

डिसेंबरात लढाई लागली तेव्हा तिला तीन दिवस चौकीवर बसवले होते म्हणे. नवरा पाकिस्तानात, म्हणून. जन्मात ही बाई बीडच्या पुढे गेलेली नाही. ओढ्यावरून उठलेली हद्द हिच्या अंगावर येऊन बसली आहे.

तिला मेल्याचा साक्षीदार हवा. त्या सकाळी मी तिथे होते, हे तिला माहीत आहे.

१३ जुलै

लिहूनच काढते.

१९ सप्टेंबर १९४८. निजाम शरण येऊन दोन दिवस झालेले. नाका कुणाचाच उरला नव्हता. शाळेत जाताना धूर दिसला म्हणून वळले. छप्पर पेटलेले, गहिनीनाथ आणि शिबिरातले चौघे समोर. दाराशी दिलावरच्या वहाणा होत्या. मी त्या पाहिल्या. आत कोणी आहे का, हे विचारले नाही. 'शाळेला उशीर होतो' म्हणाले आणि निघाले.

पुढच्या वर्षी सरकारी माणूस चौकशीला आला. शिबिराचे नाव खराब होऊ नये म्हणून मी लिहून दिले – 'सदर इसम पाकिस्तानात गेल्याचे मला खात्रीपूर्वक माहीत आहे.' बी.ए. झालेल्या बाईची सही. आणखी कुणाला कशाला विचारतील?

हाजराबीचे शेत त्या ओळीने गेले.

१६ जुलै

हाजराबीला बोलावून सांगितले. सगळे. शिव्या देईल, रडेल, असे धरून चालले होते.  ती बोटाची चिंधी आवळत म्हणाली,

"असू द्या. आता मला पायजे तसं लिवा."

माझी नजर वर होईना.

१९ जुलै

गहिनीनाथ आला. बातमी पोचलीच. पूर्वी शिबिरात माझ्यासाठी पाण्याच्या घागरी आणायचा, तेव्हा पंचविशीचा. आता केस पांढरे. उंबऱ्याच्या आत आला नाही.

ऑगस्टची तारीख आप्पासाहेबांची, आपली नव्हे, हे त्याने आधीच कबूल केले. जमीन पडीक होती म्हणून मागितली, हेही. पण पेटवण्याआधी आत जाऊन बघितले होते म्हणे. बाज रिकामी, दार उघडे.

"मी लबाड असंल, बाई. खुनी न्हाई."

सात एकर ज्याच्या हाती आहेत त्याने आणखी काय सांगावे! म्हटले, वहाणा टाकून माणूस जातो कुठे?  मी आणखी बरेच बोलले. वर्गात बोलायचे तसे. मान खाली घालून ऐकत राहिला आणि गेला.

२५ जुलै

पलीकडच्या तालुक्याच्या कचेरीत जबाब दिला. तहसीलदार तरुण आहेत, अठ्ठेचाळीस साली पाळण्यात असतील. एकोणपन्नासचा माझा कागद त्यांच्यापुढे होता. माझेच अक्षर.

एकाच बाईचे दोन जबाब, खरा कोणता, विचारले. आजचा, म्हटले. पहिला खोटा दिला, त्याची शिक्षा असेल ती द्या.

"दिलावरला आत असताना तुम्ही स्वतः पाहिलंत?"

वहाणा पाहिल्या, एवढेच म्हणायचे होते. पण वहाणांवर शेत परत मिळत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. हाजराबी दाराशी बसली होती.

"होय. पाहिले," म्हणाले.

त्यांनी लिहून घेतले. खून झाला असेल तर ते पोलिसांनी बघावे, आपण मृत्यूची नोंद तेवढी बघतो, म्हणाले. सही केली. चोवीस वर्षांनी प्रथमच भूक लागल्यासारखी लागली. स्टँडवर उभ्यानेच भजी खाल्ली.

१ ऑगस्ट

आप्पासाहेबांचा निरोप – समितीच्या कार्यक्रमाला येण्याची तसदी घेऊ नये. बरे झाले.

१५ ऑगस्ट

गेले नाही. लाऊडस्पीकर घरापर्यंत ऐकू येत होता. पंचवीस वर्षांत अखंड झालेल्या देशाबद्दल आप्पासाहेब पाऊण तास बोलले.

२ सप्टेंबर

निकाल लागला. दिलावर १९ सप्टेंबर १९४८ रोजी नाक्याच्या आगीत मयत. परागंदा हा शेरा रद्द. शेत वारस हाजराबी हिच्या नावे.

गहिनीनाथचे नाव ताम्रपटाच्या यादीतून गेले. गावात त्याच्या ओट्यावर कोणी बसत नाही. पोलिस दोनदा येऊन गेले. कर्जतकडे मुलीची सोयरीक ठरली होती, तीही मोडली म्हणतात. मोडो. जळालेल्या माणसाचे कुणी काय मोडले, हे त्याने तेव्हा बघायला हवे होते.

१८ सप्टेंबर

दुपारी हाजराबी आली. पत्र लिहून द्या म्हणाली. पाकीट बहरीनचे, भाच्याच्या नावाचे. पाकिस्तानचे टपाल लढाईपासून बंद, तेव्हा तो पुढे पाठवतो. आत नाव कुणाचे घालू, विचारले.

"दिलावरचं."

लेखणी खाली ठेवली. ती न थांबता सांगत राहिली. निजाम शरण आला त्याच रात्री तो गेला. तिला उठवलेसुद्धा नाही, वहाणाही नाक्यावरच टाकून गेला. एकावन्न साली कराचीहून पहिली चिठ्ठी. तिकडे दुसरी बायको, चार मुले.

म्हणजे एकोणपन्नास साली मी जे लिहून दिले –

"तेच खरं हुतं, बाई. त्या खऱ्यानंच माज्या बापाचं शेत गेलं. गेला त्यो, आन् परकी झाले मी."

गहिनीनाथचे काय, विचारले. ती म्हणाली, त्याने वीस वर्षं पिकं खाल्ली. आणि हे मी कुणाला सांगणार नाही हे तिला ठाऊक आहे, असेही म्हणाली.

मजकूर तिने सांगितला तसा घातला – शेत माझ्या नावावर झाले. इथे तुम्ही मेलेले आहात. तसेच राहा.

खाली तिचा अंगठा घेतला.