डावी खुर्ची आणि उरलेला कान

मी, दोन खुर्च्यांच्या केशकर्तनालयाचा थोरला मालक, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या कानाचा वरचा भाग मात्र नाही. तो डॉक्टरीणबाईंनी कापून काढला.

घर पत्नीस. तिच्या बहिणीचा आमच्या कपाटावर डोळा आहे, तो तिने काढून घ्यावा. वस्तरे मुलीस. ती दाढी करत नाही, पण भल्याभल्यांची बिनपाण्याने करते.

आता धाकटा भाऊ. दुकानाची रस्त्याकडची बाजू उघडी, ऊन थेट माझ्या डाव्या अंगावर. त्याला पडदा हवा होता, मला केसांचा रंग उन्हात पाहायचा असतो. त्यावरून बोलणे तुटले. तरी एकमेकांचे केस आम्हीच कापतो. दुसऱ्याकडे गेलो तर धंद्याची अब्रू जाईल. बोलायचे ते गिऱ्हाइकामार्फत.

मला रक्ताचा कर्करोग आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "काका, तुमच्या रक्तातले राखणदार ढेपाळलेत. त्यात उन्हाने कातडीचा कर्करोग झाला तर तो दांडगाई करतो. नवा डाग, न भरणारी खपली दिसली की लगेच यायचं."

माझे केस कापताना धाकट्याला कानामागे खपली दिसली. शेजारच्या खुर्चीतल्या मास्तरांना तो म्हणाला, "मास्तर, सांगा यांना, कानामागे काहीतरी आहे." मला अर्थातच ऐकू आले. पण मास्तरांच्या तोंडून आल्याखेरीज ते सांगितले असे धरायचे नाही, हा आमचा नियम. मास्तरांच्या तोंडाला दाढीचा फेस होता. पुढे ते विसरले, खपली वाढत गेली आणि माझा वरचा कान गेला.

म्हणून डावी खुर्ची व दुकानातला माझा हिस्सा धाकट्यास, या अटीवर की मी जिवंत असेपर्यंत माझी मान, कान, टाळू त्याने नीट पाहावी आणि दिसेल ते थेट मला सांगावे. वकील म्हणतात, मृत्युपत्रात जिवंतपणीची अट चालत नाही. चालवून घ्यावी. मला माझ्या मागचे दिसत नाही आणि मला भीती वाटते.

पडद्याबाबत तो बरोबर होता, असे मी कबूल करत नाही. पडदा लावावा.

हे लिहिताना तो माझे केस कापत आहे आणि खांद्यावरून वाचतही आहे. सहीसाठी मास्तर व शेजारचा शिंपी बसले आहेत. आत्ताच कात्री थांबली. धाकट्याने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी निरोप ऐकायला मान पुढे केली.

"दादा," तो मला म्हणाला, "मानेवर अजून एक आहे. ऊठ, आत्ताच जाऊ."

अट पूर्ण झाली. खुर्ची त्याची.

साक्षीदार: मास्तर (फेसाविना), शिंपी.
ठिकाण: डावी खुर्ची.
दिनांक: मास्तर घालतील. धाकटा दारात हाका मारतो आहे, आणि मला त्या ऐकायच्या आहेत.
सही: थोरला (अर्धे केस बाकी)