इनोकच्या नावाची सिंफनी

हल, २२ ऑक्टोबर १९११

प्रिय सेथ,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला बारा दिवस लागले. वखारीत हॅडॉक मासे धुरी देऊन सुकवण्याचं काम जोरात आहे, हे एक कारण. दुसरं शेवटी सांगते.

लीड्सला येऊन तू रचलेली समुद्राची सिंफनी ऐकली. मखमलीच्या खुर्चीवर बसवलंस, बरं वाटलं. शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावला. लावू दे मेलीला! वीस वर्षं मासे कापणाऱ्या हातांना काय गुलाबाचा वास येणार? तीनशे माणसं एकदम गाऊ लागली तेव्हा मी खुर्चीचे हात धरून पुढे सरकले, खोटं का बोलू? पण तुझ्या समुद्रात कुणी ओकत नाही रे, कुणाची बोटं गोठत नाहीत. काठावर बसून पोहणं शिकवणारा तू! गोदीवर उभा राहिलास तरी पांढराफटक पडायचास. तुझा बाप म्हणायचा, "हा पोरगा पेटी वाजवेल नाहीतर उपाशी मरेल."

आणि आता तुला त्या सिंफनीच्या छापील प्रतीच्या पहिल्या पानावर इनोकचं नाव घालायचंय: "समुद्रावर जीव असलेल्या माझ्या धाकट्या भावास." वर मला विचारतोस, "आई, तुझी हरकत नाही ना?" आहे.

इनोकचा समुद्रावर जीव होता हे तुला कुणी सांगितलं? मीच. धादांत खोटं. त्याला सुतार व्हायचं होतं. खाटेखालची त्याची रंध्याची पेटी मी अजून पुसून ठेवते. तो बुडाला त्या फेब्रुवारीत मासेमारीच्या बोटीवरची जागा तुझ्या नावाची होती. तुला ताप होता, पण किती? कपाळ जरा कोमट. मी कप्तानाला सांगितलं, "थोरला आजारी आहे, धाकट्याला नेता का?" इनोकने दाराची चौकट धरली होती. "आई, मला नको ना पाठवूस." मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. तू वर झोपला होतास.

त्याच्याकडे दर्यावरचे बूट नव्हते. मी तुझे चढवले. आपल्याकडे बूट मापापेक्षा मोठे घेतात, पाण्यात पडलं तर झटकून टाकता यावेत म्हणून. पण धाकटा असून त्याचे पाय तुझ्याहून बरेच मोठे; तुझे त्याला घट्ट झाले. म्हणाला, "चावतायत." मी म्हटलं, "सैल होतील." त्या बोटीवरचा आचारी जोशुआ दोन वर्षांनी दारू पिऊन माझ्या स्वयंपाकघरात रडला, तेव्हा कळलं. लाटेने इनोकला उचलून नेलं. दोर टाकला, तो हाताशी पडलाही. पण त्याचे दोन्ही हात बूट ओढण्यात गुंतले होते.

तू माझा लाडका होतास, म्हणून मी तुला ठेवून घेतलं. त्या रात्री लीड्सला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मी मांडीवर हात ठेवून हिशेब करत होते की मी चुकीचं पोर ठेवलं का. चुकीचंच ठेवलं, सेथ. हे तुला कळावं म्हणून हे पत्र; लिहायला धजत नव्हते, हे उशिराचं दुसरं कारण. हे ओझं मी एकटीने नऊ वर्षं वाहिलं, आता अर्धं तू घे. नाव छापायचंच असेल तर छाप: "माझे बूट घालून बुडालेल्या भावास." खाली माझंही नाव घाल. बुटांचे बंद मी बांधले होते, दुहेरी गाठ मारून.

तुझीच,
आई